हिरामावशींचा नवा खुबा

हाडांच्या दवाखान्यात पेशंटला पळून जाता येत नाही, त्यामुळे किस्से आपोआप साठतात! त्यात मी मुळातच घाबरट. ट्रे पडला तरी पेशंटच्या आधी मी किंचाळायचे. नव्वदच्या दशकात ठाण्याच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागलेले, आणि पहिलीच मोठी केस आली ती बाळकुमच्या हिरामावशींची. खुब्याचा सांधा बदललेला.

ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सरांनी बजावलेलं, "मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, कमरेतून खाली वाकणं नाही. खुबा निखळला तर पुन्हा ऑपरेशन!"

मावशी तीस वर्षं बाजारात पाटावर बसून मासे विकत आलेल्या. त्यांनी एकच विचारलं, "मग मी बाजारात बसू कशी?"

 

*

तिसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. पुस्तकात फार सोपं वाटलेलं. मी वॉकर पुढे धरला आणि तो खडखडायलाच लागला. मावशी शांतपणे उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गो पोरी, हा तूच घे. माझ्यापेक्षा तुझेच पाय कापतात!"

*

मावशींचे यजमान नारायणकाका खाडीत होडी घालायचे. एक्स-रे खिडकीशी धरून त्यांनी नव्या खुब्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, लोखंड का?"

"नाही काका, खास धातू आहे. गंजत नाही."

"खाऱ्या हवेत सगळं गंजतं! होडीचे खिळे बघा आमचे. तेल किती दिवसांनी घालायचं, तेवढं सांगा."

घालायचं नाही, असं मी तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशींच्या उशाशी खोबरेलाची बाटली!

*

डिस्चार्जच्या दिवशी मावशी सरांच्या पाया पडायला वाकल्या.

"वाकू नकाऽऽ!" मी अशी ओरडले की सरच दोन पावलं मागे उडाले.

पण पाया पडल्याशिवाय मावशी घरी जायला तयार नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "मग डॉक्टर, तुमीच पाय वर करा!"

आणि ज्यांच्यासमोर सिस्टर हसायलासुद्धा घाबरायच्या, त्या आमच्या सरांनी बूट काढून पाय स्टुलावर ठेवला!

*

पंधरा दिवसांनी व्यायाम तपासायला मी बाळकुमला त्यांच्या घरी गेले. मावशींच्या मुलाने, रमेशने, खुर्ची पुढे केली. वर भरतकामाची उशी. मी ऐसपैस बसले, पोहे खाल्ले, चहा घेतला. मग ड्युटी आठवली.

"संडासाचं काय केलंत? त्यांना उकिडवं बसायचं नाहीये. कमोडची खुर्ची आणलीत ना?"

"तिच्यावरच बसलायत की मॅडम! सुताराकडून भोक पाडून घेतलंय. पाहुणे आले की आम्ही उशी ठेवतो."

कप हातातून सुटला तो सुटलाच!

*

तीन महिन्यांनी एक सिस्टर सहज म्हणाली, "अगं, तुझ्या हिरामावशी बाजारात बसलेल्या दिसल्या."  मी तशीच धावत सुटले.

गर्दीतून नुसती डोकी दिसत होती. कोळणींची अख्खी रांग, आणि मावशींचं डोकं बाकीच्यांच्या अगदी बरोबरीने. म्हणजे पाटावरच!

"मावशीऽऽ! उठा! निखळेल सगळं!"

बाजार थांबला. लोक पिशव्या घेऊन धावत आले. त्यांच्यातून वाट काढत मी पुढे पोचले, तर मावशी उंच खुर्चीवर ताठ बसलेल्या. समोर टेबल, टेबलावर खिळ्यांनी ठोकून बसवलेली विळी. आणि शेजारच्या चौघीजणीसुद्धा खोक्यांवर फळ्या टाकून तेवढ्याच उंच!

"यांचंही ऑपरेशन झालंय?"

"कसलं गो ऑपरेशन!" शेजारीण फणकारली. "ही वर बसली तशी गिऱ्हाइकाला वाकावं लागेना. सगळी हिच्याकडेच जायला लागली! मग आमी काय खाली बसून माश्या मारायच्या?"

तोवर धावत आलेली माणसं मासे निवडायला लागली होती. भोवती ही गर्दी! मावशींनी सुरमईवरून नजरसुद्धा उचलली नाही. म्हणाल्या, "गो पोरी, रोज या टायमाला येऊन अशीच ओरडत जा."