सावंतची मनोरीची बाटली

बिनहवेचे जंतू पाळणाऱ्या माणसांकडे किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. जंतू हवाबंद जारमध्ये घालायचे, क्लॅम्प आवळायचा आणि मग दोन दिवस हात लावायचा नाही. दोन दिवस करणार काय? गप्पा!

आमची लॅब बोरिवलीच्या एका कॉलेजात. आत माणसं तीन. वर्षा कांबळे मॅडम, मूळच्या अकोल्याच्या, लॅबच्या प्रमुख. सावंत, मूळचा कुडाळचा, राहणार दहिसर. आणि मी, म्हणजे जो हे सगळं तिखटमीठ लावून सांगतो तो. तिखट किती आणि मीठ किती, ते विचारू नका.

*

सावंत नवीन आला तेव्हाची गोष्ट. आमच्या जंतूंना हवा लागली की खेळ खलास. पण सावंतला धीर कुठला! जेवून आला की क्लॅम्प सैल करून जारमध्ये डोकावायचा. आणि मग स्वतःच तक्रार घेऊन जायचा, "मॅडम, एकही कॉलनी नाही. मीडिया खराब आहे."

मॅडमनी मीडिया, म्हणजे जंतूंचं जेवण, बदलून पाहिलं. जंतू बदलले. जार बदलला. शेवटी एक दिवस सावंत रंगेहाथ सापडला.

"सावंत, काय करताय?"

"काही नाही मॅडम. वाढले का ते बघत होतो."

"अहो, तुम्ही बघताय म्हणूनच वाढत नाहीत!"

त्या दिवसापासून नियम झाला, जे काय बघायचं ते काचेतून. सावंतने तो इतका मनावर घेतला की पुढे मॅडमकडेही तो काचेतूनच बघायचा. चष्म्याच्या नाही, त्यांच्या केबिनच्या!

*

सावंतचं नाक हा स्वतंत्र विषय आहे. मालवणी असून सुक्या बोंबलाचा वास सहन होत नाही, असा हा जगातला एकमेव माणूस. आईने डब्यात बोंबील दिले की डबा माझ्याकडे, "तू खा रे बाबा." कसलाही वास आला की याचा पहिला हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणावर. आणि आमच्या लॅबमध्ये वासाला काय तोटा? सडक्या अंड्यापासून सुरुवात!

तो फॅन इतका फिरायचा, इतका फिरायचा, की एकदा मढला शूटिंगसाठी चाललेलं हेलिकॉप्टर आवाजाला फसून आमच्याच गच्चीवर उतरायला लागलं. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचारा. वॉचमन कायमचा गावाला गेलाय, ती गोष्ट वेगळी.

*

आपल्या पोटातला साधा जंतू घ्या. ऑक्सिजन आहे तोवर तो ऑक्सिजनवर जगतो, कारण त्यात ताकद सगळ्यात जास्त. ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर भागवतो. तेही नसेल तर साखर आंबवून कसेतरी दिवस ढकलतो. आम्ही सगळं जग या तीन इयत्तांत बसवलं होतं. हापूस म्हणजे ऑक्सिजन, पायरी म्हणजे नायट्रेट, आणि बाटलीतला मँगो ज्यूस म्हणजे आंबवणं!

मॅडम रजेवर गेल्या की मी मुद्दाम विचारायचो, "काय सावंत, कसं काय?"

"नायट्रेट," सावंत म्हणायचा.

एकदा त्यांची रजा लांबली. मी विचारायच्या आधीच सावंत म्हणाला, "आंबतोय रे."

*

मॅडम शिकवायच्या झकास. एकदा वर्गात रंगल्या होत्या, "पेशीत एक प्रोटीन असतं. त्यात लोखंड आणि गंधकाचा एक नाजूक खडा. ऑक्सिजन लागला की खडा तुटतो आणि प्रोटीन एकटं पडतं, नुसतं तरंगत राहतं. ऑक्सिजन गेला की खडा शाबूत राहतो, दोन प्रोटीनांची जोडी जमते, ती जोडी डीएनएवर जाऊन बसते आणि हुकूम सोडते. हवेशिवाय जगायचे जीन चालू!"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, जोडी जमायला तिसऱ्याने जायलाच पाहिजे ना?"

वर्ग खदखदला. मॅडमही हसल्या. टेबलापाशी उभ्या सावंतच्या हातून बीकर निसटला.

"फुटलं का हो काही, सावंत?"

"नाही मॅडम. बीकर ठीक आहे."

आता तिसरं कोण, तेही सांगून टाकतो. सावंतची आई. बोंबील फर्स्टक्लास करायची, मीच खाल्लेत. पण कांबळे आडनावाची सून तिला चालणार नव्हती, आणि आईला दुखवणं सावंतला जमणार नव्हतं. त्यामुळे त्याने मॅडमना कधी विचारलं नाही. आणि का विचारत नाही, हे मॅडमनी कधी विचारलं नाही.

*

खाडीचा चिखल आणायला आम्ही तिघं मार्व्याहून फेरीने मनोरीला गेलो होतो. ओहोटी. गुडघाभर काळा चिखल. मॅडम पदर खोचून पुढे, सावंत पँट वर करून मागे. मध्येच सावंतचा पाय रुतला आणि मॅडमनी हाताला धरून ओढला. पाय आला, चप्पल राहिली. ती अजून तिथेच आहे. जंतूंनी तिच्यावर वसाहत केली असणार, सोसायटी रजिस्टर झाली असेल!

तिथेच मोठ्या काचेच्या बाटलीत चिखल भरला. त्यात वर्तमानपत्राचे तुकडे आणि मॅडमच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्याचा बलक. हा जंतूंचा खुराक.

वास तर असा, की बगळेही वळून बघत होते. मॅडमनी मात्र खोल श्वास घेतला. "सावंत, हा वास लक्षात ठेवा. खाली हवा नाही, तरी कोणीतरी जगतंय, त्याचा हा वास."

सावंत नाक चिमटीत धरून उभा. "मॅडम, जगूदे त्यांना! पण झाकण लावा ओ!"

*

पुढे अकोल्याला मॅडमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. मॅडम नोकरी सोडून गेल्या. निघताना सावंतला एवढंच म्हणाल्या, "बाटली बघा. पण काचेतूनच."

सावंतने ती बाटली खिडकीत ठेवली आणि रोज थोडी थोडी उन्हाकडे फिरवायला लागला. काही महिन्यांनी तिच्यात पट्टे उमटले. वर हिरवा, मध्ये जांभळा, तळाशी काळाकुट्ट. दर रविवारी कॉलेज उघडून घेऊन तो तिचा फोटो मॅडमना पाठवायचा. उत्तर ठरलेलं, "छान."

अशी वर्षं गेली. एका रविवारी उत्तर वेगळं आलं, "केस किती पिकले हो!"

सावंत चक्रावला. फोटो तर बाटलीचा होता! मग त्याने झूम करून पाहिलं. काचेत त्याचं डोकं उमटलं होतं.

पुढच्या रविवारी तो केस काळे करून फोटो काढायला आला.

*

मध्ये एकदा तपासणीला एक साहेब आले. बाटली बघून म्हणाले, "इंटरेस्टिंग! उघडा बघू."

"नाही उघडता येणार, साहेब," सावंत म्हणाला. "ती उघडणारी व्यक्ती बाहेरगावी आहे."

"मग कधी येणार?"

"विचारलेलं नाही."

*

आणि हा गेल्या महिन्यातला. सावंतची आई जाऊन दोन वर्षं होत आली. मॅडमचे वडील या वर्षी गेले. मुलुंडला भाचीचं लग्न होतं म्हणून मॅडम मुंबईला आल्या आणि काही न कळवता थेट लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. लॅबमध्ये पोरं प्रॅक्टिकल करत होती. सावंत बाटली फिरवत होता. त्याने वर पाहिलं आणि हात बाटलीवर तसाच राहिला.

मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. बाटलीपाशी वाकून एकेक पट्टा पाहिला.

"जांभळा काय सुंदर आलाय हो!"

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं. काचेतूनच बघितलं."

"इतकी वर्षं?"

"हो."

मॅडमनी झाकणावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "सावंत, उघडू?"

मी मनात म्हटलं, आता वाट लागली. त्या बाटलीला नुसता धक्का लागला म्हणून या माणसाने मला आठवडाभर चहा विचारला नव्हता!

"आतले मरतील, मॅडम," सावंत म्हणाला.

"सगळे नाही मरत. काहींना हवा चालते."

सावंतने बाटली पुढे सरकवली. "मग उघडा."

मॅडमनी झाकण फिरवलं. वास असा सुटला की पोरं नाकं दाबून जिन्याकडे पळाली. मी पळता पळता एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं आणि दाराबाहेर रुमाल लावून उभा राहिलो.

आत दोघंच. मॅडमनी बाटलीवर वाकून, डोळे मिटून श्वास घेतला. "मनोरी," त्या म्हणाल्या.

सावंत उठला. फॅनच्या बटणापाशी गेला आणि चालू फॅन बंद केला.