घासलेल्या टाक्या

थोरली साबणसुद्धा धुऊन ठेवणारी बाई. तिच्या घरात माशीनंही पाय पुसून यावं, असं शेजारी म्हणत.

दोघी जावांचा धंदा लाल अळ्यांचा. चिलटासारख्या एका माशीची ही पिल्लं पाण्यात वाढतात आणि शोभेच्या माशांना खाऊ म्हणून खपतात. मागच्या शेडमध्ये थोरलीच्या टाक्या आरशासारख्या लखलखीत. धाकटीच्या टाक्यांना आतून हिरवट, बुळबुळीत थर.

"तुझ्या टाकीत हात घातला की शेंबडात घातल्यासारखं वाटतं," थोरली चारचौघांत म्हणायची.

"जाऊबाई, अळ्यांना कुठं नाक असतं?" धाकटी हसायची.

मग थोरलीच्या अळ्यांच्या अंगावर कापसासारखं पांढरं धरलं आणि त्या पटापट मरू लागल्या. धाकटीच्या मात्र वळवळत होत्या. तरी थोरलीनं ठरवून टाकलं, रोग त्या घाणीतूनच आलाय. आईच्या आजारपणाला धाकटी माहेरी गेली, तसा हिनं पदर खोचला. धाकटीच्या अळ्या चाळणीत काढल्या, तिच्या टाक्या ब्लीचिंग पावडरनं खसाखसा घासल्या, पुन्हा पुन्हा विसळल्या, निवळ पाणी भरून अळ्या परत सोडल्या.

धाकटी परतली तेव्हा तिच्याही टाक्यांत कापूस पिंजून पडला होता.

माशांचा डॉक्टर आला. त्यानं टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवलं. कर्र वाजलं.

"बुरशी पाण्यात असायचीच. त्या बुळबुळीत थरातले बारीक जंतू अळ्यांच्या अंगावर बसतात आणि बुरशीला पाय टेकू देत नाहीत. तुम्ही राखणदारच हाकललेत. कुणी घासल्या?"

थोरली टाकीच्या तळाकडे पाहत राहिली.

"मीच," धाकटी म्हणाली. "माहेरी जायच्या आधी."

जेवताना थोरलीचा दीर बायकोवर उखडला. "एरवी काडी हलवत नाहीस, नेमकं आत्ताच घासायचं सुचलं? अक्कल काय गहाण टाकलीस?"

धाकटी मान खाली घालून वाढत राहिली. थोरलीनं हे सगळं ऐकून घेतलं. एक घास गिळला, दुसरा गिळला. तिसरा ताटात परत ठेवला.

"भावजी, तिला बोलू नका. मी घासल्या. ती इथं नव्हतीच."

दीर हाताशी असलेला तांब्या शोधू लागला.

खरकटं काढताना थोरलीनं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"घरात पाऊल टाकताच ब्लीचिंगचा भपकारा आला की."

"मग अंगावर का घेतलंस?"

"तुम्ही मेल्यासारख्या उभ्या होता. आणि वाटलं, मी खोटं बोलले की तुम्ही तिथंच खरं सांगाल."

याच्यापेक्षा तिनं झिंज्या धरल्या असत्या तर बरं, असं थोरलीला झालं.

सकाळी दोघी बादल्या घेऊन ओढ्यावर गेल्या. थोरली सवयीनं वरचं निवळ पाणी भरू लागली.

"ते नको जाऊबाई. दगडावरचं बुळबुळीत खरवडून घ्या."

थोरली वाकली आणि नखांनी खरवडू लागली. मान वर करावी लागत नव्हती, तेवढं बरं होतं.