आप्पांच्या नावाची बातमी

आप्पा बातमी आधी गावाला वाचून दाखवत आणि मग मला पाठवत. नंदुरबार तालुक्यातल्या दहा-बारा गावांचे ते आमच्या दैनिकाचे वार्ताहर होते. पोटासाठी झेरॉक्सचे दुकान होते. शहरातल्या कार्यालयात त्यांचा मजकूर मी तपासत असे. तो नेहमी उशिरा येई. कारण विचारले की म्हणत, "भाऊ, ज्यानी बातमी शे, त्याले पहिले ऐकाडनी पडस."

हे वाचन चहाच्या टपरीवर चाले. एकदा मी हजर होतो. वीज पडून बैल दगावल्याची बातमी होती. मालक मध्येच ओरडला, "आप्पा, बैल दोन व्हतात, तीन नही! विमावाला वाची ना, मालेच धरी." आप्पांनी खिशातून पेन काढून आकडा दुरुस्त केला. टपरीवाला म्हणाला, "लवकर वाच रे भो, चहा गार व्हई ऱ्हायना." आप्पांनी बातमी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. त्यांच्या मजकुरावर खुलासा छापण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. त्या पट्ट्यात लोक बातमीच्या आधी तिच्यावरचे नाव पाहत.

याच पट्ट्यातल्या एका गावाचे गायरान एका कंपनीला कारखान्यासाठी हवे होते. गावाचा विरोध होता, शेळ्या चारायला दुसरी जागा नव्हती. आप्पांनी विरोधाच्या दोन बातम्या पाठवल्या. कंपनीच्या पानभर जाहिराती सुरू झाल्या होत्या. त्या दोन्ही बातम्या मुख्यालयाने थांबवल्या.

मग मुख्यालयाकडून तयार मजकूर आला. ग्रामस्थांनी ग्रामसभेत हात वर करून प्रकल्पाचे स्वागत केले, असे त्यात होते. अशी ग्रामसभा झालेली नव्हती आणि हे मला माहीत होते. 'जाहिरात' हा शब्द टाकायचा नाही, मजकूर स्थानिक वार्ताहराच्या नावाने छापायचा, एवढीच सूचना होती. कोणाचे नाव, हे कोणी सांगितले नव्हते. ते मी निवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन आला. "भाऊ, हाई बातमी मी कधय धाडी? बाया दुकानवर येल शेतस. इचारी ऱ्हायन्यात, आप्पा, आम्ही हात कधय वर करात?"

"वरून आली, आप्पा. खुलाशाचं बघतो," मी म्हणालो. मी मुख्यालयाला विचारलेसुद्धा नाही.

महिनाभराने जनसुनावणी झाली. मंडपात कंपनीच्या अधिकाऱ्याने ते कात्रण वर धरले आणि गावाची संमती असल्याचा पुरावा म्हणून दाखल केले. आप्पा उठले.

"साहेब, हाई बातमी मन्ही नही शे."

"वर नाव कोणाचं आहे?" अधिकाऱ्याने विचारले.

"नाव मन्हं शे."

मंडपात हशा पिकला. मागून कोणी तरी म्हणाले, "आप्पा, पाकीट कितलं जाड व्हतं रे?" आप्पा पत्रकारांच्या खुर्च्यांकडे वळले. मी पहिल्या रांगेत होतो. "भाऊ, तुम्ही सांगा ना यासले," ते म्हणाले. मी वही उघडली आणि लिहू लागलो. काय लिहिले, ते नंतर मलाही वाचता आले नाही. आप्पा खाली बसले. कात्रण नोंदवून घेण्यात आले.

सुनावणी संपली तेव्हा एसटी निघून गेली होती. आप्पांनी मोटरसायकल माझ्यापुढे आणून उभी केली. "बसा." त्यांनी मला नंदुरबारपर्यंत आणले. स्टेशनजवळ उतरल्यावर मी म्हणालो, "आप्पा, माझी अडचण समजून घ्या."

"समजस ना," ते म्हणाले. "तुम्हनी नोकरी शे, भाऊ. मन्हं गाव शे."

त्यानंतर त्यांनी एकही बातमी पाठवली नाही. गायरानाला तारेचे कुंपण झाले आहे. आप्पांचे दुकान चालू आहे. झेरॉक्सला लोक येतात, पण टपरीवर त्यांच्याजवळ कोणी बसत नाही, असे त्यांच्या जागी नेमलेल्या वार्ताहराने मला सांगितले. सुनावणीची बातमी मीच लिहिली होती. ती चौदा ओळींची होती. आप्पा उठून बोलले, हे तिच्यात नाही.