उजवी बाजू

भिंगारच्या कोंडीरामला फुटबॉलमधली एकच चाल येत होती आणि नगर जिल्ह्यात ती कुणाला ठाऊक नाही असं नव्हतं. बॅकनं चेंडू अडवायचा, मधल्या गड्याकडे द्यायचा, त्यानं मान वर न करता तो उजव्या कोपऱ्याकडे लांब मारायचा. तिथे मच्छिंद्र पोचलेलाच असायचा. मच्छिंद्र चेंडू गोलसमोर लोटायचा आणि रंभाजी तो जाळीत घालायचा. संपलं. कोंडीराम रेषेबाहेर उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचा, "उजवीऽऽ!" पण त्याच्या आधी शेंगा विकणारी केशरबाई ओरडायची आणि कधी कधी तर समोरचा गोलकीपरच ओरडायचा.

अठरा वर्षं पलटणीत काढून कोंडीराम नाईक होऊन परत आला तो ही चाल घेऊनच. तिथल्या एका हवालदारानं त्याला ती शिकवली होती आणि त्या हवालदारालाही दुसरी येत नसावी. गावी आल्यावर त्यानं गल्लीतली पोरं जमवली, छावणीमागच्या मैदानावरचे दगड वेचले आणि संघ उभा केला. सगळा संघ त्याला मामा म्हणायचा. खरा भाचा त्यात एकच, मच्छिंद्र. कोंडीरामच्या धाकट्या बहिणीचा, भिमाबाईचा मुलगा. भिमाबाई ऐन तिशीत विधवा होऊन भावाच्या शेजारी राहायला आली तेव्हा मच्छिंद्र तिच्या कडेवर नव्हता, पुढे पळत होता. तेव्हापासून तो पळतच होता म्हणा ना.

पाच वर्षं जिल्ह्याचा कप भिंगारला आला. चहाच्या हॉटेलात यावर वाद झडायचे. एवढी उघडी चाल, सगळ्यांना आधी कळते, आणि तरी हे जिंकतात कसे? कुणी म्हणायचं, मामाचं नशीब. कोंडीराम बशीतला चहा संपवून म्हणायचा, "कळलं म्हनून काय झालं? अडवून दाखवा की." त्याचं खोटं नव्हतं. वीस-बावीस वर्षांचा मच्छिंद्र सुटला की कळून काही उपयोग नसायचा. पुढे येणाऱ्या माणसाला धूळ तेवढी दिसायची.

कोंडीराम घरातही तसाच. उठायची वेळ एक, सायकलचा रस्ता एक, भाकरीबरोबरचं कोरड्यास आवडतं तेही एक. बायको भागिरथी हसायची. म्हणायची, "तुमच्या मनात काय हाय ते शेजारनीलाबी कळतं. मला लई बरं पडतं, इचारावं लागत न्हाई."

ती भागिरथी बहात्तरच्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं गेली. कोंडीराम रडला नाही. माती देऊन आला, अंघोळ केली, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर जाऊन "उजवीऽऽ" ओरडला. लोक म्हणाले, काय दगड माणूस आहे. दगडबिगड काही नव्हता तो. त्याला काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. जेवण जेवणासारखं लागत नव्हतं, झोप लागली काय न लागली काय, सारखंच. सगळ्या दिवसात एक गोष्ट पहिल्यासारखी घडायची. तो ओरडला की चेंडू उजवीकडे जायचा. मग दुसरं काही ओरडून बघायची त्याला भीती वाटायची. ही भीती तेवढी त्याची त्याला कळत होती.

त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि सगळा संघ खडीवर आला. पारनेरच्या रस्त्याला दुष्काळी कामाचं खडी केंद्र निघालं होतं. पलटणीतला माणूस म्हणून कोंडीरामला मुकादम केलं आणि त्यानं आपले गडी हजेरीपटावर घेतले. दिवसभर हातोडा मारायचा, दुपारी रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची आणि उन्हं कलली की पायी मैदानावर यायचं. मच्छिंद्र आता सत्तावीसचा होता. धूळ अजून उडायची, पण धुळीतून माणूस दिसायला लागला होता. समोरचे संघ त्याच्यावर एकाच्या जागी दोन-दोन गडी ठेवायला लागले. चेंडू कुठे येणार हे ठाऊक, मग चेंडूकडे बघायची गरजच काय? ते सरळ मच्छिंद्रच्या पायांकडे बघायचे.

डावीकडे राधाकृष्ण खेळायचा. सावेडीच्या मळेवाल्याचा मुलगा, विहीर आटल्यावर तोही खडीवर आलेला. त्याच्यावर कुणी पहाराच ठेवत नसे. सबंध सामन्यात त्याच्या वाट्याला चेंडू दोनदा यायचा, तोही चुकून. तो एकदा म्हणाला, "मामा, एक डाव डावीकडं देऊन बघा की. मी तिकडं नुसता गुरं राखल्यावानी उभा आस्तो."

"उभा राहा," कोंडीराम म्हणाला. "तुझ्याकडं बघाया एक तरी मानूस लागतो का न्हाई त्यान्ला?"

"कोन बी बघत न्हाई, मामा. त्येच सांगतोय."

त्र्याहत्तरच्या जानेवारीत कपाचे सामने लागले तेव्हा खबर आली की एक साखर कारखाना आपला संघ काढतोय. तिथले आप्पासाहेब अंतिम सामना बघायला येणार होते आणि चांगले दिसतील ते दोन गडी कायम नोकरीत घेणार होते. कायम म्हणजे कायम. खडी नाही, हजेरी नाही, महिन्याच्या महिन्याला पगार आणि राहायला खोली. भिमाबाईनं ही बातमी ऐकली तेव्हा तीही खडीवरच टोपली भरत होती. ती टोपली तशीच धरून उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "एवढं माझ्या पोराचं कर. मला दुसरं काय बी नगं." कोंडीरामनं मान हलवली.

पण उपांत्य सामन्यात मच्छिंद्रचा उजवा गुडघा गेला. त्या कोपऱ्यात दोघे वाट बघत बसल्यासारखे होते, एकानं चेंडू सोडून पाय मारला. सामना कसाबसा निघाला, पण दुसऱ्या दिवशी गुडघा दुधीभोपळ्याएवढा झाला. हाडवैद्यानं लेप दिला आणि महिनाभर पाय जमिनीला लावू नको म्हणाला. अंतिम सामना चार दिवसांवर होता.

राधाकृष्ण पुन्हा आला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "मामा, मच्छिंद्रला उभा करा नुसता. त्ये दोघं त्याच्यापाशीच थांबत्याल. चेंडू माझ्याकडं द्या. त्याचा पायबी वाचंल आन् गोलबी हुईल."

कोंडीरामला हे पटलं. अगदी आतून पटलं. पण तो म्हणाला, "आप्पासाहेब कुनाला बघाया येनार? मच्छिंद्रला. त्याच्याकडं चेंडूच गेला न्हाई तर ते काय बघनार?" हे बोलताना आपण भाच्याचं भलं करतोय असं त्याला वाटलं. थोडं खरंही होतं ते. उरलेलं त्यानं उकरून पाहिलं नाही.

सामन्याच्या दिवशी दुपारी तो मच्छिंद्रला सायकलवर डबल सीट घेऊन सहादेवकडे गेला. सहादेव पलटणीतला जुना कंपाउंडर. दात काढताना हिरडी बधिर करायचं औषध त्याच्यापाशी असायचं. त्यानं गुडघा दाबून पाहिला आणि पिचकारी खाली ठेवली.

"नाईक, हे करू नका. दुखतं म्हनून मानूस पाय जपतो. उद्या ह्यो मोडला तरी ह्याला कळायचं न्हाई."

कोंडीरामनं मच्छिंद्रकडे पाहिलं. मच्छिंद्र म्हणाला, "द्या तात्या. दोन तासांचा तर प्रश्न हाय." सहादेवनं दिलं. थोड्या वेळानं मच्छिंद्र आपल्याच गुडघ्यावर टिचक्या मारून हसला. "मामा, कुना दुसऱ्याचा पाय लावल्यावानी वाटतंय." कोंडीरामला तेव्हा वाटलं की हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. भागिरथी गेल्यापासून आपणही कुणा दुसऱ्याचं अंग लावून फिरतोय.

मैदानाभोवती माणसं मावत नव्हती. दुष्काळात फुकट बघायला मिळेल असं दुसरं होतंच काय! आप्पासाहेब खुर्चीवर बसले होते, धोतर, कोट, मांडीवर वही. समोरचा संघ दौंडकडून आलेला, धिप्पाड गड्यांचा. पहिल्या मिनिटापासून त्यांचे दोघे मच्छिंद्रला चिकटले. कोंडीराम ओरडला, चेंडू उजवीकडे गेला, मच्छिंद्र पडला. पुन्हा ओरडला, पुन्हा तेच. पब्लिक आधी हसली, मग ओरडली, मग गप्प झाली. मच्छिंद्र पडायचा, झटक्यात उठायचा आणि हात वर करून सांगायचा, काही नाही, काही नाही. लागत नव्हतंच त्याला.

हाफटाइमला गोल नव्हता. राधाकृष्ण पाणी प्यायलाही आला नाही. लांबूनच मामाकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या अर्ध्यातली शेवटची पाच मिनिटं राहिली. चेंडू मधल्या गड्याकडे आला आणि अचानक सगळं मैदान कोंडीरामला स्वच्छ दिसलं. उजवीकडे मच्छिंद्र, त्याला खेटून दोघे, आता तिसराही तिकडेच सरकलेला. डावीकडे राधाकृष्ण एकटा, त्याच्या आणि गोलच्या मध्ये कुणीही नाही. त्यानं एक हात वर केला होता. मधल्या गड्यानं कधी नव्हे ती मान वर करून मामाकडे पाहिलं. त्यालाही दिसलं असावं. तो वाट बघत थांबला. एक शब्द पाहिजे होता. कोंडीरामनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि डावी म्हणायचं ठरवून तो ओरडला, "उजवीऽऽ!"

चेंडू उजवीकडे गेला. मच्छिंद्र त्या तिघांमधून कसा निघाला ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. एकाचा बूट थेट गुडघ्यावर बसला, कट् असा आवाज रेषेपर्यंत ऐकू आला, आणि त्या पायावर मच्छिंद्र आणखी चार पावलं पळाला. चेंडू आत लोटला. रंभाजीनं गोल केला. भिंगार जिंकलं.

लोक मैदानात घुसले. कोंडीरामला खांद्यावर घेतलं. वरून त्याला कोपऱ्यातला मच्छिंद्र दिसत होता. तो उठायला बघायचा आणि पाय भलतीकडेच वळायचा. मच्छिंद्रला त्याचं हसू येत होतं. संध्याकाळी औषध उतरलं तेव्हा मात्र तो गुरासारखा ओरडला. डॉक्टर म्हणाले, आतले बंध तुटले, चालता येईल काठीनं, पळणं संपलं.

आप्पासाहेबांनी रंभाजीला घेतलं आणि राधाकृष्णाला घेतलं. कोंडीराम त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, गोल माझ्या भाच्यानं करून दिला."

"मी पाहिलं ना," आप्पासाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "असा हिंमतीचा गडी मी पाहिला नाही. पण पाय राहिला नाही त्याचा, मी काय करू? आणि तो डावीकडचा सबंध मॅच मोकळा होता. एकदाही न चुकता योग्य जागी उभा होता. त्याला चेंडू दिला असता तर तुम्ही तीन गोलनं जिंकला असता, आणि तुमचा भाचाही आज माझ्याकडे असता." त्यांनी वही मिटली. कोंडीरामनं त्यांना नमस्कार केला, कप उचलला आणि घरी येऊन धान्याच्या रिकाम्या कणगीवर ठेवला.

चैत्र लागता लागता मच्छिंद्र खडीवर परत आला. टोपली उचलता येत नव्हती म्हणून त्याला म्हाताऱ्या बायांच्या रांगेत बसवलं. पाय लांब पसरून तो दगड फोडायचा. त्यानं मामाला एकदाही बोल लावला नाही. सकाळी हजेरीला त्याचं नाव घेतलं की "हाय" म्हणायचा, पहिल्यासारखंच. कोंडीराम पुढचं नाव घ्यायचा.

भिमाबाई मात्र दोन महिने भावाशी बोलली नव्हती. एका दुपारी भाकरीची सुट्टी झाली आणि कोंडीराम रांगेवरून जात होता, तेव्हा तिनंच हाक मारली.

"दादा, एक इचारू?"

तो थांबला. मच्छिंद्रनं मान खाली घातली आणि तो भाकरी मोडत राहिला.

"लोकं म्हनत्यात, शेवटाला राधाकृष्ण मोकळा हुता. तुला दिसला हुता का न्हवता?"

कोंडीरामला काही वाटत नव्हतं. वर्षभर त्याला काही वाटलं नव्हतं, आणि खोटं बोलायला आधी काहीतरी वाटावं लागतं. तो म्हणाला, "दिसला हुता."

भिमाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"न्हाई म्हनला आस्तास तरी चाललं आस्तं की रं," ती म्हणाली, आणि उठून पोराला पाणी आणायला गेली.