परातीतल्या गोळ्या

कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची सेवा करायला आमच्याकडे माणसांचा तोटा नाही. तोटा अकलेचा आहे. वाटेवर मंडप, मंडपापेक्षा मोठा फलक, फलकावर हात जोडलेले वीस चेहरे आणि टेबलावर केळी, चहा, अंगदुखीच्या गोळ्या. माझा चुलतभाऊ अशाच एका मंडपाचा अध्यक्ष. एरवी टायरचं दुकान चालवतो, पण गळ्यात भगवं उपरणं पडलं की अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. पाकिटं फाडून सुट्या गोळ्या परातीत ओततो आणि हाका मारतो, "घ्या मावशी, साधी तापाची गोळी हाय की! हिनं काय हुतंय?"

साधी म्हणे! म्हणजे दिवसात किती झाल्या हे बघायचं नाही, दोन गोळ्यांत काही तास जाऊ द्यायचे नाहीत, पोटात अन्न आहे का, लिव्हर धड आहे का, काही विचारायचं नाही. पुढच्या मंडपात तेच औषध दुसऱ्या रंगात. त्याच्या पुढे सर्दीची गोळी, तिच्यातही तेच. रंग बदलला की औषध बदललं, एवढीच ह्या सेवेकऱ्यांची विद्या.

सत्तरीतली माझी आत्या पौर्णिमेचा उपास धरून त्या वाटेने चालली. घरी आल्यावर उलट्या सुरू झाल्या, मग डोळे पिवळे पडले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, इतक्या गोळ्या? पाय एवढे दुखत होते?"

"पाय कुटं दुखत हुते? आईच्या वाटंवर कुणी दिलं तर न्हाय कसं म्हणायचं?"

प्रत्येक मंडपात एक, कपाळाला लावून. मला रडू आलं आणि संतापही.

"उशीर केलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सलाईनमधून उतारा सुरू करतेय. लिव्हर सावरतंय का, बघू."

दुसऱ्या दिवशी भाऊ भेटायला आला. मी त्याला सगळं सुनावलं. "आमी काय जबरदस्ती करतोय व्हय?" एवढंच त्याचं उत्तर. तेवढ्यात आत्या कंबर धरून कण्हली, आणि ह्या महाभागाने सवयीने खिशात हात घालून गोळी काढली.

आत्याने उजव्या हाताखाली डावा हात धरून तळवा पुढे केला.

मी तिची बोटं मिटली आणि मूठ दोन्ही हातांनी धरून बसलो. भावाला दार दाखवायलाही हात मोकळा नव्हता.