आधी डबा, मग नाडी

आमचे डॉक्टरअण्णा रोग्याची जीभ बघण्याआधी त्याचा जेवणाचा डबा बघत. "उघड झाकण," हे त्यांचं पहिलं वाक्य, नमस्कार-चमत्कार नंतर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी सकाळी मेटगळ्ळी या कारखान्यांच्या कानडी वस्तीत, आमच्या समाजाच्या हॉलमध्ये, फुकट दवाखाना चालवत. केसपेपर मी लिहायची. बन्नीमंटपच्या शाळेतली मी मास्तरीण. अक्षर बरं आणि आवाज मोठा, एवढीच माझी वैद्यकीय पात्रता.

येणारे सगळे रोजंदारीवरचे. वर्कशॉपात लेथ चालवणारे, घरी अगरबत्त्या वळणाऱ्या, कारखान्यात झाडू मारणाऱ्या. त्यांच्याकडे ना कारखान्याचं कार्ड, ना विमा. बरेचजण इथूनच कामावर जायचे, म्हणून हातात डबा असायचाच; बाकीचे अण्णांना दाखवायला आणायचे. "हे काय रे? भातावर लोणचं आहे की लोणच्यावर भात?" असं अण्णा ओरडले की बाकावरची माणसं हसत आणि हळूच आपापले डबे पिशवीत ढकलत. रक्तदाबाच्या रोग्याचं लोणचं अण्णा जप्त करत. ते नंतर कोण खाई, हे मी सांगणार नाही.

सुंदराक्का मात्र त्यांची लाडकी. अगरबत्त्या वळून बोटं काळी झालेली, पण डब्यात दर रविवारी मोड आलेली कडधान्यं आणि नाचणीचा उकडलेला गोळा, मुद्दे. तरी रक्तदाब काही उतरेना. एकदा अण्णांनी चष्मा पुसून झाकणावर कोरलेलं नाव वाचलं.

"सुंदरा, तू गौरम्मा कधी झालीस गं?"

"अय्यो अण्णा, शेजारणीचा डबा आहे तो. माझा दाखवला तर तुम्ही बोंबलता ना, म्हणून सुम्ने, उगाच आपला, आणला!"

अण्णा इतके हसले की त्यांचाच रक्तदाब बघावा लागला.

छाती तपासताना मात्र ते स्टेथोस्कोप सोबतच्या सुमंगला डॉक्टरांच्या हातात देत. "तुम्ही ऐका, मला सांगा." मला वाटे, काय हा मोठेपणा! धाकट्यांना मान द्यावा तर असा. शाळेत मी मुलांना त्यांचं उदाहरणही द्यायची.

एका रविवारी सुमंगलाबाई गावाला गेल्या होत्या आणि सुंदराक्का धापा टाकत आली. अण्णांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. जागा बदलून पुन्हा लावला. मग कानातून काढून मला म्हणाले, "मला ऐकू येत नाहीये."

"बिघडला असेल."

"तो नवा आहे. जुना मी झालोय. वर्ष होत आलं याला."

मला त्यांचा रागच आला. वर्षभर लपवलं! पण त्या घटकेला त्यांनी लपवलं नाही. 'काही नाही, गॅस आहे' म्हणून गोळी दिली असती तर विचारणारं कोण होतं? त्यांनी सुंदराक्कालाही सरळ सांगितलं, "माझ्या कानांवर विसंबू नकोस, चल." आणि तिला आपल्या गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. वेळेवर पोचली म्हणून वाचली.

पुढच्या रविवारी त्यांनी स्टेथोस्कोप सुमंगलाबाईंना कायमचा देऊन टाकला. कानातलं यंत्र लावून बघा, असं मी सुचवलं होतं. "बघितलं. त्यात छातीऐवजी शेजारच्या वर्कशॉपातलं लेथच ऐकू येतं," ते म्हणाले. आता हे यायचे थांबणार, या विचाराने मी केसपेपरांत तोंड खुपसलं. पण स्वारीने खुर्ची उचलून दारात मांडली. "साकु, पुरे आता, रडू नका. डबा बघायला कान कशाला लागतात?"

पुढची दोन वर्षं दारात बसून ते डबे तपासत होते. गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी दारात खुर्ची तशीच होती. मी केसपेपर घेऊन बाहेर आले, तर बाकावरच्या सगळ्यांनी, कुणी न सांगता, डब्यांची झाकणं काढली होती. सुंदराक्का पहिली. झाकणावर नाव तिचं स्वतःचं होतं, आणि भाताच्या कोपऱ्यात लोणच्याची ही एवढी मोठी फोड. अण्णांच्या वतीने ओरडायला मी तोंड उघडलं, आणि मला रडूच आलं.