कमानीखालचा टेकू

मी मिस्त्री, सिंधुदुर्गाकडचा. सातवीत शाळा सुटली आणि आमच्याकडच्या लाल, मऊ चिऱ्याच्या दगडावर हात बसला. कोल्हारच्या पुढे एका गावात जुन्या चर्चच्या दुरुस्तीला आलो, तेव्हा इथला काळा दगड पाहूनच दमलो. चिरा ऐकतो, हा दगड छिन्नीला उलट उत्तर देतो.

चर्च कुणा गोऱ्या पाद्र्याने इंग्लंडातल्या आपल्या गावच्या, शेकडो वर्षं जुन्या चर्चसारखं बांधून घेतलेलं. टोकदार कमानी, भिंतींना बाहेरून दगडी धिरे, छपराला उभा उतार. कामावर देखरेख करणाऱ्या पुण्याच्या बाई म्हणाल्या, तिकडे बर्फ घसरून जावा म्हणून असा उतार देतात. इथे बर्फ कसला, पाऊससुद्धा पाहुण्यासारखा येतो.

गावच्या ख्रिस्ती मंडळींनी दर नाताळला श्रमदान करून, अगदी प्रेमाने, भिंतींना ऑइलपेंट दिला होता आणि सांध्यांत सिमेंट भरलं होतं. ओल आत कोंडली, जुना चुना कुजला आणि मोठ्या दाराची कमान मधोमध खचली. ती उतरवून तेच दगड आम्ही पुन्हा चुन्यात बसवले. चुना धरेपर्यंत कमान पडू नये म्हणून खालून लाकडी टेकू दिला. चुना मुळातच सावकाश धरतो, त्यात थंडीचे दिवस.

आणि चर्च सांभाळणाऱ्या काकांच्या मुलीचं लग्न आलं. इथली रीत अशी, की वऱ्हाड मोठ्या दाराने आत जातं आणि शवपेटी बाजूच्या दाराने बाहेर. टेकूची आडवी फळी छातीशी येत होती, मोठ्या दारातून ताठ माणूस जाईना.

काका रोज येऊन उभे राहत.

"मिस्त्री, धरला का तुमचा चुना?"

मी सांध्यात खिळा टोचून बघे. आत जाई.

"नाही काका."

"आमच्या बापानं शिमिटाचं काम एका दिसात उरकलं हुतं."

म्हणून तर मी इथे आलोय, असं अगदी ओठावर आलं. गिळलं. आल्यापासून काकूच मला जेवू घालत होत्या. तापाने पडलो तेव्हा घरातली बरी गोधडी त्यांनी माझ्या अंगावर टाकली होती. त्या दिवशी भाकरी वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

"मग माझी पोर काय मढ्याच्या दारानं जाईल?"

बाईंनी फोनवर बजावलं होतं, टेकू काढायचा नाही. पण बाई पुण्यात. रोज जेवायला काकूंपुढे बसायचं मला.

हळदीच्या आदल्या दिवशी चुना एकदम वाळू नये म्हणून मी सांध्यांवरची गोणपाटं भिजवत होतो. नवरी मुलगी आली, मागे काकू.

"दादा, टेकू ठिवला तर काय पडंल का?"

"नाही, ताई."

"आन् काढला तर?"

"सांगता येत नाही."

ती कमरेत वाकली, फळीखालून आत गेली, तशीच बाहेर आली. "जमतंय की."

"नवरी अशी वाकून जाती का कुठं?" काकू म्हणाल्या.

"देवाच्या घरात वाकायचं न्हाई, मग कुणापुढं? नवऱ्यापुढं?"

काकू हसल्या. मी पुन्हा गोणपाटांवर पाणी मारायला लागलो.

लग्नाच्या दिवशी टेकूला झेंडूच्या माळा बांधल्या. चर्चचे पाळकसाहेब वाकले, नवरी वाकली, सगळं वऱ्हाड वाकत वाकत आत गेलं. नवरदेव उंच, त्याचं डोकं फळीला लागलंच. बायकांनी त्यावरून त्याला दिवसभर चिडवलं. मी फळीला हात लावून उभा होतो. आत गाणी झाली म्हणतात. मला एकही ऐकू आलं नाही.

मग बऱ्याच दिवसांनी खिळा आत जाईना. टेकूखालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल केल्या. वरून चिमूटभर चुना गळला, बस. टेकू काढला, कमान उभी राहिली. काका बघायला आले आणि मोकळ्या दारातून वाकून आत गेले.

"काका, वर काही नाही आता."

"व्हय की." ते परत फिरले आणि बाहेर येताना पुन्हा वाकले.

मी पाचर हातात धरून पायरीवर बसलो. काकूंनी घरातून हाक मारली, "मिस्त्री, भाकरी गार होतीया."